मंगळावरचा कारखाना

निपाणीहून बेळगावला निघालेल्या बसमधी भरमूआप्पाच्या पुढच्या सीटवर अरिहंत आणि निशा मोबाईलच्या खेळावरनं भांडत हुती. दुपारी बेळगावात त्यांची त्याच खेळाची फायनल हुती.

"गेम लई भारी हाय, पण हरतोय की गं!"

"हरणारच! मंगळावर आपल्या खनिजाच्या गाड्या वाटंतच लुटत्यात, आन् तू नुसत्या तोफा वाढीवतोस."

आप्पाला ऱ्हावलं न्हाय. "खाण कुठं हाय रं तुमची?"

"लांब त्या टोकाला, आप्पा. कारखाना हितं आमच्या तळावर."

"ऊस एकीकडं आन् कारखाना दुसरीकडं? खाणीच्या बांधालाच घाल की कारखाना!"

निशानं लगीच तसं खेळून बघितलं.

"अरिहंत, खनिजाला गाड्यांची गरजच उरली न्हाय, आता लुटणार काय!"

"चला, संकेश्वर आलं. उतरतो मी."

"आप्पा, खाली बसा! बेळगावपर्यंतचं तिकीट आम्ही काढतो."