काकडं नको म्हटलं आणि नरडं धरलं

आणि वर घरातले मलाच म्हणतात, "आई, घशाला आराम द्या, बोलू नका!" बोलू नका? मग काय करू, भिंतीवर लिहू? तीन दिवस झाले, नरड्यात काथ्या कोंबल्यासारखं होतंय, तरी बोलतेय, कारण गप्प बसायला मला कुणी शिकवलं नाही. तसं मला कुणी काहीच शिकवलं नाही म्हणा. माझी मी शिकले!

तुम्हाला सांगते, साताऱ्याकडं होते तेव्हा शाळेची पायरी चढले नाही, अक्षरं शिकले ती वाण्याच्या पुड्यांवरून. साखर डब्यात गेली की कागद माझा! शिलाई मशीन, एटीएम, मोबाइल... माझी मी शिकले! मग रानभाज्यांना काय शिकवणी लावायची?

मुलानं, रणजीतनं, खारघरला अकराव्या मजल्यावर घर घेतलं, आणि खिडकी उघडते तर समोर अख्खा डोंगर! हिरवागार, आणि फुकट! एका हातात मोबाइलमधला फोटो, दुसऱ्या हातात पाला, असं करत करत टाकळा ओळखला, कुरडू ओळखली, खाल्ली, जगले. अळंबीला तेवढा हात लावला नाही हं. तिथं चुकलं तर दुसऱ्यांदा शिकायला कोण उरतंय?

पण सूनबाई! संध्या! "आई, बाहत्तर वर्षं झाली, पाय घसरला म्हणजे? एकट्यानं डोंगर नको." मी पेटले इरेला. म्हटलं, रविवारी अख्ख्या मजल्याला रानभाजी खाऊ घालते, एकानं जरी नाव ठेवलं तर डोंगर सोडला! जीभच ती... हाड नसतं ना तिला.

शनिवारी शेवळं सापडली. जमिनीतून वर येतात बघा, लांबट, तपकिरी कोंब. आमच्याकडं नावसुद्धा ऐकलं नव्हतं, पण फोटोशी तंतोतंत जुळली. पिशवी भरून खाली आले तर गेटसमोर राजाबाई. तळवली गावची, पिढ्यान्‌पिढ्या इथली, भाजी घेऊन बसते. पुढ्यात आवळ्याएवढ्या हिरव्या फळांचे वाटे. माझी पिशवी बघून म्हणते, "अगो आजे, शेवलां हायेत ना? मंग काकडां ने. काकडांबिगर रांदशील तं नरडा धरंल."

मनात म्हटलं, वा गं वा! मी शेवळं फुकटात आणली ते खुपलं हिला, आता ही फळं माझ्या गळ्यात मारतेय! म्हटलं, "बाई, मला नको शिकवू. माझी मी शिकलेय!"

"तुजी मर्जी," म्हणाली आणि मेथी निवडायला लागली. अहो, जरा वाद तरी घालायचा की नाही माणसानं?

रविवारी फर्मास केली भाजी. कांदा, लसूण, ओलं खोबरं... वास असा की सोसायटीचे सेक्रेटरी कुलदीप न बोलावता आले. शेजारची करिमुन्निसा, ती रायगडच्या किनाऱ्याकडची. तिनं ताटात बघितलं आणि हळूच विचारलं, "आजी, काकडं घातलीत ना?"

आणि मी... आता तुमच्यापासून काय लपवायचं... म्हटलं, "घातली की!"

गेलंच हो तोंडातून! बिचारी विश्वासानं जेवली.

पाच मिनिटं स्वर्ग. मग कुलदीप उभे राहिले, हा माणूस बोलायला लागला की पंखे थकतात, "आजी म्हणजे आपल्या सोसायटीचं... सोसायटीचं... ख्रँ!" आणि खालीच बसले. रणजीतनं पाण्याचा जग तोंडाला लावला. संध्या ओढणीनं जीभ पुसतेय! सगळा मजला खाकरतोय, आणि मी? मी परत वाढून घेतलं! इभ्रतीचा प्रश्न होता. डोळ्यांतून धारा लागल्यात आणि मी म्हणतेय, "मला... तर... काही... होत नाही..."

करिमुन्निसानं नुसतं माझ्याकडं बघितलं. उठली, घरी गेली, मूठभर आमसुलं घेऊन आली, "चघळा," म्हणाली... आणि पहिलं मला दिलं हो! शेवळांनी टोचलं नाही इतकं ते आमसूल टोचलं. तिचा हात धरला, म्हटलं, "खोटं बोलले बाई." ती म्हणाली, "कळलं. चघळा आधी."

आणि संध्या! आवाज गेलेला, तर समोर बसून मोबाइलवर मेसेज पाठवला: "डोंगर बंद." दोनच शब्द. तुम्हाला सांगते, आपण वाचायला का शिकलो, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

रात्रभर खिडकीतला डोंगर बघितला. सकाळी गेले राजाबाईपुढं. वाटलं, आता ही हसणार, चारचौघांत पाणउतारा करणार. काही नाही! माझा घोगरा आवाज ऐकला, वाटीभर काकडं पदरात टाकली आणि वर सोसायटीकडं बघून म्हणाली, "सुनंला सांग, आजी माज्यासंगती येल. एकटी नाय."

संध्यानं मान डोलावली. सुटले! असं आपलं मला वाटलं.

आज गेलो दोघी. ती पुढं, मी मागं. पाल्याला हात लावला की मनगटावर फटका! "आदी वास घे! मंग इचार! मंग तोड!" मी म्हटलं, "अगं, माझी मी शि..." दुसरा फटका!

आता करता काय? जन्मात शाळेची पायरी चढले नाही, बाहत्तराव्या वर्षी पहिलीत बसलेय... आणि बाई मारक्या निघाल्या!