बाबांच्या अकॉर्डियनवरचा कर

कुरिअरवाला : मॅडम, मी यातलं काही खिशात घालत नाही हो. हा सरकारचा आयात कर आणि ही आमच्या कंपनीची फी.

ताई : कंपनीची कशाबद्दल?

कुरिअरवाला : तुमचा कर कंपनीनं आधी भरला, त्याबद्दल.

ताई : मी सांगितलं होतं भरायला? शेजारणीनं परस्पर माझं बिल भरायचं आणि वर भरल्याची बक्षिशी मागायची, असला प्रकार हा!

कुरिअरवाला : रोज दारोदार हेच ऐकतो.

ताई : काल मोबाइलवर मेसेज आला, या लिंकवर कर भरा म्हणून. तोही तुमचाच?

कुरिअरवाला : तो भामट्यांचा. भरला नाहीत ना?

ताई : मी कसली भरतेय! मला तर तुम्हीही त्यांच्यातलेच वाटताय.

कुरिअरवाला : हे घ्या ओळखपत्र. फोटोत केस आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

ताई : धाकट्या, ये बाहेर! दाराआड उभा राहून ऐकतोयस, कळतंय मला.

धाकटा : आलो गं. अकॉर्डियन आलं?

ताई : आलंय, पण उंबऱ्यातच अडलंय. मला एक सांग. बाबांचं अकॉर्डियन आपलं. परदेशात दुरुस्तीला धाडलं ते आपणच. आपलीच वस्तू आपल्या घरी येतेय, तर आयात कर कसला?

धाकटा : लावत असतील.

कुरिअरवाला : तसा नाही लागत. दुरुस्तीहून परत आलेल्या वस्तूला फक्त दुरुस्तीच्या खर्चावर कर. हा पुऱ्या किमतीवर लागलाय, विकत आणलेल्या मालासारखा.

ताई : ऐकलंस? म्हणजे खोक्यात बाबांचं अकॉर्डियन नाहीच. ते तू तिकडेच विकलंस आणि आमच्या डोळ्यांत धूळ फेकायला दुसरं कसलं तरी मागवलंस.

धाकटा : ताई, काय बोलतेस!

ताई : बाबांचं घड्याळ कुठं गेलं? तेही दुरुस्तीलाच गेलं होतं ना?

धाकटा : विकलं. कबूल केलंय तुझ्यापाशी. अजून किती वेळा करू?

ताई : आणि स्कूटर?

धाकटा : तीही विकली. पण हे नाही गं विकलं.

ताई : बाबा गेले, त्यांच्यामागे एवढं एकच उरलंय. तेही गेलं असेल तर तुझं तोंड पाहणार नाही मी, सांगून ठेवते.

कुरिअरवाला : मॅडम, भांडण चालू द्या, पण लवकर ठरवा. आज घेतलं नाहीत तर पार्सल परत जाईल.

ताई : उघडून दाखवा, मग पैसे.

कुरिअरवाला : आधी पैसे, मग सही, मग उघडायचं. नाहीतर नोकरी जाईल माझी.

ताई : सगळे एकाच माळेचे मणी.

कुरिअरवाला : दादा, पाठवताना फॉर्मवर काय लिहिलंत तुम्ही? इथं दुरुस्तीचं नावच नाही. 'अकॉर्डियन, उत्तम स्थितीत.' आणि किंमत केवढी ही! नव्याचीही नसेल एवढी.

ताई : बोल की. आता का दातखीळ बसली?

धाकटा : काउंटरवरची बाई म्हणाली, नादुरुस्त लिहा, किंमत कमीत कमी लिहा. पेन हातात घेतलं, पण 'नादुरुस्त' काही लिहवेना. शेवटी शेवटी बाबांना धाप लागायची, आणि अकॉर्डियनचा भाताही तसाच फुसफुसायचा. तरी दोघांनी सूर नाही सोडला. त्याला मोडकं कसं म्हणू?

ताई : आणि किंमत?

धाकटा : कमी लिहायला गेलो तर घड्याळ आठवलं. तेही असंच मातीमोल घालवलं होतं मी.

ताई : म्हणून एवढी लिहिलीस?

धाकटा : रकान्यात मावेल तेवढी लिहिली.

कुरिअरवाला : अहो दादा, लोक हिऱ्याला काच लिहितात!

ताई : गाढव आहेस.

धाकटा : आहे.

ताई : तुझ्या गाढवपणावर कर लावला सरकारनं, बरोबर लावला. थांबा हो, पैसे आणते. आणि सही कुठं करायची ते नीट दाखवा, भलत्याच कागदावर घ्याल.

(पैसे दिले जातात, सही होते. कुरिअरवाला जातो. खोक्यातून काळंभोर, चकचकीत अकॉर्डियन निघतं.)

ताई : हे तर नवंकोरं दिसतंय.

धाकटा : पॉलिश केलंय. भाताही नवा घातलाय.

ताई : डाव्या अंगाला बाबांच्या अंगठ्यानं झिजून खळगा पडला होता. तो कुठाय?

धाकटा : भरून काढलाय वाटतं. मी सांगितलं नव्हतं गं, शपथ!

ताई : म्हणजे ओळखायला खूणच ठेवली नाही म्हण.

धाकटा : थांब, ही पिशवी बघ. काढलेला जुना भाता परत पाठवलाय त्यांनी. बाबांच्या तंबाखूचा वास असेल त्याला. सोड ती गाठ आणि कर एकदाची खात्री.

ताई : राहू दे.

धाकटा : अगं, घे ना वास. पुन्हा रात्री उठून बसशील विचार करत.

ताई : राहू दे म्हटलं ना बांधलेली. तू अकॉर्डियनचा पट्टा खांद्यावर घे आणि वाजव.