एका ओळीची चौकट

इस्पितळात हातांच्या व्यायामाच्या खोलीबाहेर, प्लास्टरातला हात तान्ह्या बाळासारखा कुशीत धरून एक सुतार बसला होता. शेजारच्या बाकावर नणंद-भावजय कुजबुजत होत्या, आणि त्याला काही कान मिटता येईनात.

“वहिनी, पेन धरवत नाही म्हणून शाळेनं चिमणीला कॉम्प्युटर दिला ना? मग रडता कशाला?”

“दिला हो, वन्सं. फॉर्म भरायचं सॉफ्टवेअर आहे. बाई त्यात प्रश्न घालतात. प्रश्नाखाली चौकट, चौकटीत हिनं टाइप करायचं.”

“सोन्याहून पिवळं!”

“चौकट एका ओळीची. ओळ भरली की पुढचं अक्षर उमटतच नाही. बाकीची पोरं पान पान लिहितात.”

“मोठी करून मागा की! आपली चिमणी म्हणजे बोलायला लागली की पाट वाहतो.”

“मागितली. बाई म्हणाल्या, ‘अहो, हिला असं कितीसं लिहायचं असणार?’ आणि वर शेरा, उत्तरं अपुरी.”

“जीभ झडो त्या बाईची! चिमणी भांडली नाही?”

“आधी भांडली. आता शिकली. परवा आईवर निबंध होता. एकेक अक्षर शोधून लिहिलं, ‘माझी आई चांगली आहे.’”

“एवढंच?”

“एवढंच मावलं, वन्सं.”

खोलीचं दार उघडलं. वाकडी बोटं ओढणीत लपवत पोरगी बाहेर आली. नणंदेनं घाईघाईनं हसू आणलं.

“ये गं माझी बडबडी! आत काय काय केलंस, आत्याला सगळं सांग बघू.”

“व्यायाम.”

“आणि?”

पोरीनं आईकडे पाहिलं.

“झालं.”