मंत्र्यांसाठी उसनी गर्दी

मी कारकून म्हणून निवृत्त झालो खरा, पण माझी नोकरी सुरू झाली ती फिल्म कापण्या-जोडण्यापासून. ग्वाल्हेर संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. आमच्या प्रसिद्धी खात्यात कुणाला ठेवायचं आणि कुणाला घरी पाठवायचं, हे अजून ठरायचं होतं. अशात नव्या मंत्र्यांच्या भाषणाची फिल्म मला जोडायला दिली. तीत मंत्री भरपूर दिसत होते, ऐकणारी माणसंच नव्हती. मी घाबरून महाराजांच्या जुन्या दसऱ्याच्या फिल्ममधली गर्दी कापली आणि भाषणाला चिकटवली.

मंत्र्यांना फिल्म दाखवली, तेव्हा भाषण संपताच शिंदेशाही पगडीतले एक सरदार पडद्यावर कमरेत वाकून मुजरा करू लागले. तेच सरदार मंत्र्यांच्या शेजारी बसलेले होते. आमचे साहेब माझ्या कानात म्हणाले, "जोशी, तू तर गेलासच, मलाही घेऊन गेलास."

मंत्री शेजारी वळले. "सरदार साहब, आप तो उस दिन बीमार थे न?"

सरदारांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नव्या राज्यात त्यांचीही नेमणूक अजून व्हायची होती.

"जी," ते म्हणाले, "बुखार में ही आया था."