पुलापर्यंतचा गेम

हसू नका गा, माह्यं डोकं अजूनही गरम होते. सत्त्याऐंशीची गोष्ट असन. सीताबर्डीवर एका दुकानदारानं मले टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम दाखवला. नदीवरून विमान जाते, बोटी उडवते, मग पूल येते. पुलापाशी पोचला की तो गेम बंद करे. म्हणे, "पुढचं घरी पाहा, नाहीतर मजा जाईन."

घरी आणला, पूल ओलांडला, तर पुन्हा तेच नदी, त्याच बोटी, तोच पूल! टकुरं फिरलं माह्यं. तसाच गेम वापस कराले दुकानात गेलो, तर दुकानदार मलेच म्हणते, "मी दाखवलं तेच निघालं न? मग खोटं काय बोललो?"

घरी येऊन बाबांले सारं सांगितलं. आमच्या घरी हातमाग. पूर्ण नऊ वार उलगडून दाखवल्याशिवाय बाबा कोणाले लुगडं देत नसत. महिन्याभरानं हाच दुकानदार बायकोले घेऊन आमच्याकडे लुगडं घ्याले आला. मी घडीतला पदर तेवढा वर केला.

"पूर्ण उलगडा न," तो म्हणे.

"काहून? बाकीचं घरी पाहा, नाहीतर मजा जाईन!"

त्याची बायको माह्या तोंडाकडे पाहतच राहिली. तेवढ्यात बाबांनी माह्या हातातून लुगडं ओढलं अन् नऊच्या नऊ वार त्याच्यासमोर पसरवलं. म्हणे, "पाहून घ्या साहेब. आमच्याकडे पुलाच्या पलीकडचंही आधीच दाखवतो."

गड्यानं मान खाली घालून लुगडं नेलं. माहा गेम मात्र वापस घेतला नाही, हरामखोरानं!