चिमूट तुझी, चिमूट माझी

शोभेच्या माशांच्या दुकानात आजी-आजोबांच्या मागे उभ्या असलेल्या शिंपीणबाईंनी कान टवकारले.

"टाकीची काच हिरवीगार झालीय. शेवाळ हटता हटत नाही," आजी म्हणाल्या.

"आजी, खाणं किती घालता?" दुकानदाराने विचारलं.

"सकाळी चिमूटभर."

"मीही घालतो. चिमूटभरच," आजोबा म्हणाले.

"अगोबाई! यांना विचारा, मला का नाही सांगितलं?"

"तिला सांगा, आमचा अबोला आहे."

"अहो, उरलेलं खाणं कुजतं, म्हणून शेवाळ माजतं. यापुढे एकानेच घाला," दुकानदार म्हणाला.

"मीच घालणार. यांना म्हणावं, टाकीकडे फिरकायचं नाही."

आजोबा गर्रकन आजींकडे वळले.

"मग मी दिवसभर बोलू कुणाशी?"

"ते घरी बघू. आधी ही पिशवी धरा."