एकाच मापाचा कासार

हा देह म्हणजे मंदिर आहे, मंडळी! नऊ दारांचं, पवित्र, भगवंतानं स्वतः उभारलेलं मंदिर! इथं वाइटाला शिरकाव नाही, इथं मंगल वारे वाहतात, इथं—

कोण शिंकलं? पेटीवाले गणूदादा! असू द्या, असू द्या. हा घ्या रुमाल. मंदिरच आहे, मंडळी. सध्या दारं वाहताहेत, इतकंच.

आता दादा शिंकलेच आहेत, तर आजचा प्रश्न त्यांच्या नाकापासूनच धरू. ऐका! ज्याचा आजवर कुणाला काडीचा उपयोग झाला नाही, त्यानं मान ताठ ठेवावी का? काकू, लगेच मालकांकडे बघू नका. प्रश्न सगळ्यांना आहे!

तर एक होतं कायापूर. कायापूर म्हणजे आपले नाना खरवंडीकर यांचा देह. ‘आपला पिंडच लोखंडाचा’ असं ते पारावर रोज सांगतात. आत काय चाललंय, हे त्यांना ठाऊक नाही. आपल्यापैकी कुणाला असतं?

त्या कायापुरात, गळ्याच्या वळणावर एक बाजार. बाजारात कासार बसलेले— लाखो! डॉक्टर लोक त्यांना बी-पेशी म्हणतात, आपण कासार म्हणू. पण यांची रीत उफराटी! तुमचा कासार सगळ्या मापांच्या बांगड्या आणतो, हात दाबून बघतो, मग भरतो. इथं एका कासाराकडे एकच माप! जन्माला येताना मिळालं ते. आणि ते माप गावातल्या कुणाच्या हाताला बसायचं नाही, बसलं तर त्या कासाराला बाजारात पाऊल टाकू देत नाहीत! मग गिऱ्हाईक कोण? जो बाहेरून चाल करून येईल तो. त्याचं मनगट कसलं असेल, कुणाला ठाऊक?

त्यात एक भानबा कासार. त्याचं माप कसलं? तिरपं, चपटं, एका अंगाला खाच! शेजारी गोदाबाई कासारीण. नाना लहान असताना गोवर आला, तेव्हा गोवराच्या हातात हिनं बांगड्या भरल्या. तेव्हापासून बाई मानाच्या पाटावर.

“भानबा,” गोदाबाई म्हणायची, “हे माप आहे का मस्करी? असलं मनगट कुणाच्या आईनं जन्माला घातलंय रे?”

“घातलं असेल कुणीतरी.”

“आणि नाही आलं तर?”

हा प्रश्न साधा नव्हता, मंडळी! त्या बाजाराचा कायदा कडक. गिऱ्हाईक मिळालं नाही, तर कासार थोड्या दिवसांत मरतो. दुकानासकट! भानबाचे दिवस भरत आले होते, आणि हे त्याला माहीत होतं. तरी सकाळी उठून तो बांगडी पुसायचा. गोदाबाई विचारायची, “कुणासाठी पुसतोस?” तो म्हणायचा, “धूळ बसलेली गिऱ्हाइकाला दाखवू का, बाई?”

काय ऐट! धंदा शून्य, आणि ऐट बघा!

एके दिवशी नाना बारशाला गेले. पंगतीत शेजारच्या पाहुण्यानं थेट त्यांच्या तोंडावर खोकला सोडला. वर म्हणतो कसा, “जिलबी आण रे इकडे!” झालं! फ्लू आत शिरला. इन्फ्लुएंझा म्हणतात तोच. कसा असतो? एवढासा गोळा, आणि अंगभर हात! स्वतःची चूल नाही, स्वतःचं पीठ नाही. कायापुरात श्वासाच्या रस्त्यावर घरं, आणि प्रत्येक दाराला साखरेची कडी. त्यानं कडी धरली. घरमालकाला वाटलं, पाहुणा आला! आत घेतला. पाहुण्यानं यजमानाच्याच चुलीवर, यजमानाच्याच पिठातून स्वतःसारखे हजारो थापले. घर कोसळलं, जथा शेजारी निघाला.

असे पाहुणे तुमच्याकडेही येतात म्हणता? ते चार दिवसांनी जातात तरी!

पण तो घरमालक बघा! मरता मरता ओरडला, “शेजाऱ्यांनो, दारं लावा! हा पाहुणा नाही!” आळीभर अडसर पडले. पहारेकरी धावले, दिसेल त्याला गिळू लागले. नगरानं भट्टी पेटवली, की उष्म्यानं शत्रू मंदावावा. इकडे बाहेर नाना घोंगडीत कुडकुडताहेत.

“मेलो गं शकू, मेलो!”

“ताप आलाय. स्वर्गवास नाही. पडून राहा,” शकूवहिनी म्हणाल्या.

मंडळी, ताप शत्रूनं आणला असं तुम्हाला वाटतं ना? नाही! भट्टी आपली, सरपण आपलं. कण्हतो तेव्हा आपण आपल्याच फौजेच्या नावानं कण्हत असतो!

तरी घरं पडतच होती. एक जासूद फ्लूचा तुटका हात पदरात बांधून बाजारात आला. “कुणाचं माप बसतंय का?” या कासारानं बघितलं— सैल. त्यानं बघितलं— घट्ट. गोदाबाईनं बघितलं आणि मान हलवली. हात भानबापुढे आला.

तिरपा. चपटा. एका अंगाला खाच.

खट्ट!

सगळा बाजार वळला! भानबा म्हणतो, “या. बराच उशीर केलात.”

गोदाबाई कडाडली, “अरे, गाव पडतंय, आणि तू बांगड्या भरणार?”

हं! भित्र्याला आपण काय म्हणतो? हातात बांगड्या भरल्यात का! बायांनो, हसा. बांगड्यांच्या हातांनी तुम्ही काय काय उचललंय ते या मंडपाला ठाऊक आहे. पण फ्लूच्या हातात बांगडी बसली, की त्याला कडी धरता येत नाही! म्हण इथंच काय ती खरी ठरली.

पण थांबा, परवाना हवा! तिथं मदतनीस पेशी नावाचा तपासनीस बसतो. तो म्हणाला, “घाई नको. हा घरचा तर नाही? उद्या नानांच्याच गुडघ्यांना बांगड्या घालशील!” भानबानं शत्रूचा तुकडा पुढे धरला. तपासनीसानं तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. बाहेर नाना ‘आई गं’ म्हणाले. मग तो म्हणाला, “भर!”

आणि भानबाचे दोन झाले, दोनाचे चार, चारांचे हजार! ज्याची बांगडी आणखी नेमकी, तो राहिला, सैलवाला गेला. बाजार फुगला. “गळ्याशी हे काय आलंय?” वहिनींनी विचारलं. “अवधाण, गाठ सुजलीय,” नाना कण्हले. अवधाण कसलं, नाना? बाजार भरलाय!

रक्ताच्या वाटेनं बांगड्यांचे हारेच्या हारे निघाले. फ्लू कडीला हात घालतो— निसटतो! पुन्हा घालतो— निसटतो! किणकिण ऐकून पहारेकरी येतात आणि गिळतात. जी घरं आतून बाटली होती, ती मारेकरी पेशींनी पाडली, कारण बांगडी घराच्या आत पोचत नाही. आपलीच घरं, पण पाडली. लढाई अशीच असते.

नाना उठले. पेज प्याले. पारावर म्हणाले, “आपला पिंडच लोखंडाचा!” वहिनी म्हणाल्या, “काढा माझा होता.” भानबाचं नाव? कुणीच घेतलं नाही!

आत लढाई सरली. हजारो भानबा काम संपवून शांतपणे मेले. थोडे ठेवले, आठवणीसाठी. त्यांत आपला म्हातारा भानबा. गोदाबाई पाटावरून थोडी सरकली.

“बसा, भानबाशेठ.”

शेठ! ऐकलंत? काल ‘अरे’ होता, आज शेठ! तो बसला. आणि पहिलं काम काय केलं? बांगडी पुसली.

आता मंडळी, तुमच्याकडे वळतो. मागे खांबाला टेकलेल्यांनो, तुम्हीही! आपलं माप कुणाच्या हाताला बसत नाही म्हणून ते मोडून दुसऱ्याचं घडवायला निघालात ना? आत लाखो बसलेत, गिऱ्हाइकाविना, दुकान उघडं ठेवून. त्यांच्या जिवावर तुम्ही इथं मांडी घालून बसलात. तेव्हा मान ताठ ठेवा! म्हणा माझ्याबरोबर, गणूदादा, सूर धरा—

आपुले माप न टाकावे । गिऱ्हाईक येवो न येवो ।
पुसून दुकान मांडावे । दारी उजेड असावा ॥

वा! एवढंच सांगायचं राहिलं. पुढच्या थंडीत फ्लू पुन्हा आला. भानबाशेठ ऐटीत उठले, बांगडी पुढे केली.

मनगट बदललं होतं.